दट्ट्या, फिरकी आणि दीपगृहाची काच

१

सकाळी खेळघराचे शटर वर गेले आणि ताई उंबऱ्यातच थबकल्या. त्या एवढेच म्हणाल्या, "बाई, आपलं दीपगृह आंधळं झालं हो."

त्यांच्या मागे बाई उभ्या होत्या. काखेत कार्डांची पिशवी, नाकावर घसरलेला चष्मा. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना पुष्कळ दिवस झाले होते, तरी अर्धे गाव त्यांना अजून बाईच म्हणत असे, कारण अर्ध्या गावाने त्यांच्याच हातचे पाढे गिरवले होते.

खेळघर म्हणजे पूर्वीचे बसगाड्यांचे गॅरेज. ताईंच्या वडिलांनी मोडीत निघालेली खेळाची जुनी यंत्रे तिथे आणून दुरुस्त केली होती. मधोमध उभे होते ते मात्र त्यांनी स्वतःच्या हातांनी बनवलेले पिनबॉलचे यंत्र. त्याचे नाव दीपगृह.

ज्यांनी असे यंत्र कधी पाहिले नसेल त्यांनी चार पायांचे एक उतरते टेबल डोळ्यांपुढे आणावे. वर सपाट काच, काचेखाली दिवे, घंटा, रबराच्या कडा. उजवीकडची दांडी ओढून सोडली की पोलादी गोळी वर धावते आणि इथेतिथे आपटत खाली येते. खाली दोन लहान फळ्या असतात. बोटांनी कळ दाबून त्या फळ्यांनी गोळी परत वर उडवायची. निसटली की गेली. टेबलाच्या मागच्या टोकाला एक उभी पेटी असते आणि तिच्या तोंडावर रंगवलेली काच. आत दिवे लागले की चित्र उजळते.

दीपगृहाच्या त्या काचेवर समुद्र होता, मनोरा होता आणि मनोऱ्याच्या पायरीवर हात हलवणारी एक छोटी मुलगी होती. ती ताईंची बहीण, धाकटी. वडिलांनी तिला लहानपणी समोर बसवून रंगवले होते.

आज त्या जागी नुसते बल्ब आणि तारांची गुंतवळ दिसत होती. काच नव्हती.

"उद्या शाळेची मुलं यायची आणि आज हे!" ताई म्हणाल्या. "मिस्त्रींचंच काम. दुसरं कोण?"

"पेटीचं कुलूप तुटलंय का?"

"नाही ना! म्हणूनच म्हणते. एक किल्ली त्यांच्याकडे, एक माझी, ती त्या खिळ्याला असते. आणि काल तुम्ही नव्हतात. सगळ्यांदेखत मला म्हणाले, ही काच इथून काढा, नाहीतर एक दिवस मीच काढून नेईन. नेली!"

"विचारलंत त्यांना?"

"काय विचारायचं?" ताईंनी तिथूनच मिस्त्रींना फोन लावला. "मिस्त्री, संध्याकाळपर्यंत काच जागेवर नसेल तर अवजारं उचला आणि निघा."

मिस्त्रींची उमर या यंत्रांत गेली होती. अशी यंत्रे गावात दुसरीकडे कुठेच नव्हती. इथून निघाले तर त्यांना घरोघरी पंखे आणि मिक्सर दुरुस्त करत हिंडावे लागले असते. काम मिळाले असते, पण ते हे काम नसते.

"संध्याकाळपर्यंत मलाही वेळ द्या," बाई म्हणाल्या.

"तुम्ही तर मुलांसाठी शब्दांची कार्डं लिहिणार होतात!"

"तीच लिहिते. यंत्राच्या भागांची नावं झालीत, पण त्या नावांचे बाकीचे अर्थ राहिलेत. ते माणसांना विचारूनच कळतात. चार ठिकाणी जायचंच होतं."

जाता जाता त्या टेबलाच्या सपाट काचेवर वाकल्या. काचेत त्यांना स्वतःचा चष्मा दिसला, चष्म्यावरचा धुळीचा कणसुद्धा दिसला. त्यांनी एक कोपरा निरखला, मग दुसरा, मग खाली बसून काचेच्या आतल्या बाजूला तिरपे पाहिले.

"अरे, हे तर विचित्रच आहे," त्या स्वतःशी म्हणाल्या.

२

खेळघराच्या मागे पत्र्याची एक खोली होती. तिथे मिस्त्री पक्कड, पाने आणि तारा जोडायचा सोल्डर एका लोखंडी पेटीत भरत होते. भरत कसले, आपटत होते.

"या. तुम्हीही उलटतपासणी घ्यायला?"

"नाही रे. दट्ट्याबद्दल विचारायला आले."

मिस्त्रींचा हात थांबला. "कुठला दट्ट्या?"

"यंत्राचा. उजवीकडचा. ओढून सोडायचा तो."

"मग तुम्हीच सांगितलात की. गोळीला धक्का देतो तो दट्ट्या."

"ते कार्डाच्या पुढच्या बाजूला लिहिलं. मागे लिहायचंय, हा शब्द आणखी कुठे राहतो. डॉक्टरच्या पिचकारीत दट्ट्या असतो. सायकलच्या पंपात असतो. तुझ्याकडे कुठे आहे?"

"माझ्याकडे?" मिस्त्री कडवट हसले. "ताईंचा दट्ट्या आहे ना मागे. संध्याकाळपर्यंतचा."

"हा चांगला आहे. लिहून घेते," म्हणून बाईंनी खरेच लिहून घेतले. "आता गोळी."

"गोळी म्हणजे गोळी. पोलादाची."

"आजारी माणसाला विचारलंस तर तो औषधाची म्हणेल. शिपायाला विचार, बंदुकीची म्हणेल. मुलं चघळायची म्हणतील. आणि फिरकी?"

"ती पत्र्याची झडप. खालून गोळी गेली की गरगर फिरते." मिस्त्री आता पेटीवर बसले होते. "पतंगाच्या दोऱ्याचीपण फिरकी. गोलंदाजाचीपण. आणि आत्ता तुम्ही माझी घेताय तीपण."

"मी कशाला घेऊ? वर्गात तू कोपऱ्यात उभा राहायचास तेव्हाही घेतली नाही."

"तेव्हाही माझी चूक नव्हती!"

"तेव्हा होती. आत्ताचं सांग. काच काढून नेईन म्हणालास?"

"काढीन म्हणालो. चोरीन म्हणालो नाही." मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला. "बाई, मागच्या दिव्यांनी ती काच रोज तापते. रंग वाळलेल्या पानासारखा झालाय. बोट लावलं तर पापुद्रा सुटेल. मी तिला मागून कधी फडकं लावलं नाही. फुंकर मारतो, तीसुद्धा लांबून. म्हटलं, ही आडवी करून पेटीत ठेवा, वर दुसरी नक्कल लावा. ताई म्हणतात, बाबांच्या जागी नक्कल लागणार नाही. मग चढला माझा आवाज."

"टेबलाची सपाट काच कधी पुसलीस?"

"गेल्या आठवड्यात. वरून. आतून उद्या सकाळी पुसणार होतो, मुलं यायच्या आधी. गोळी धावून धावून आत काळी भुकटी बसते ना."

"भुकटी नाही. कुणीतरी ती काच सरकवून बाहेर काढली, आतून पुसली आणि परत बसवली. चारही कोपरे लख्ख आहेत."

मिस्त्री उभेच राहिले. "मी नाही पुसली."

"ते मला माहीत आहे. तुझं फडकं मी पाहिलंय. काल शेवटी इथून कोण बाहेर पडलं?"

"मी लवकर निघालो, डोकं तापलं होतं. पण कोपऱ्यावर वळताना मागे पाहिलं, तर पाटीवाली बाहेर पडत होती. चादरीत गुंडाळलेलं काहीतरी दोन्ही हातांनी धरून." मिस्त्रींनी हवेत आकार दाखवला. "एवढं मोठं. सपाट."

तो आकार हुबेहूब हरवलेल्या काचेएवढा होता.

३

पाटीवाली म्हणजे दुकानांच्या पाट्या रंगवणारी. तिच्या खोलीत भिंतीला टेकून ओल्या पाट्या उभ्या होत्या. एकीवर 'येथे दाढी' एवढेच लिहून झाले होते.

"बाई! या, या. पण कशालाच टेकू नका, नाहीतर पाठीवर दाढी घेऊन घरी जाल."

बाई मधोमध उभ्या राहिल्या. "एक शब्द हवा होता. एप्रन."

पाटीवालीने आपल्या गळ्यातल्या रंगीबेरंगी एप्रनकडे पाहिले. "हा काय!"

"यंत्रालाही असतो. खाली, खेळणाऱ्याच्या पोटाजवळचा रंगीत पत्रा."

"हां, तो. तो रंग अंगावर उडू नये म्हणून नाही, लाज झाकायला. निसटलेली गोळी ज्या भोकात जाते ते दिसू नये म्हणून." ती हसली. "स्वयंपाक्याचा एप्रन, दवाखान्यातला एप्रन. आणि विमानं उभी करतात त्या फरसबंदीलाही एप्रन म्हणतात, माहितीय? तिथली एक पाटी मी केली होती. मला वाटलं, साहेब थट्टा करतायत. विमानाला कसला एप्रन!"

बाईंनी तेही लिहून घेतले. मग शांतपणे विचारले, "काल चादरीत काय होतं?"

पाटीवालीचे हसू मावळले. ती उठली, दार लोटून घेतले आणि कोपऱ्यातली चादर बाजूला केली.

एका मोठ्या काचेतून दोन डोळे बाईंकडे पाहत होते.

बाकी काचेवर काहीच नव्हते. दोन डोळे, दोन भुवया, ओठांची एक रेघ. आरपार मागची भिंत दिसत होती.

"कोरी काच आहे ही," पाटीवाली हलक्या आवाजात म्हणाली. "खेळघराच्या अडगळीतून आणली. मिस्त्रींनी सांगितलं, नक्कल करून ठेव, एक दिवस ताईंना पटेल. फोटोवरून करतेय. ताईंना नका सांगू."

"आधी डोळेच कसे काढलेस? आभाळ नाही, समुद्र नाही."

"बाई, हे काचेचं काम आहे. कागदावर आपण आधी आभाळ काढतो, मग चेहरा, मग डोळे, अगदी शेवटी बुबुळातला पांढरा ठिपका. काच मागून रंगवायची आणि पुढून बघायची. म्हणजे जे सगळ्यांत पुढे दिसायला हवं ते सगळ्यांत आधी. ठिपका आधी, आभाळ शेवटी. ताईंच्या वडिलांनीच शिकवलं मला. ताई पण शेजारी बसून बघायच्या."

"म्हणजे काचेच्या मागच्या बाजूला हात लावायचा नाही, हे तुला माहीत, ताईंना माहीत, मिस्त्रीला माहीत."

"खेळघरात हे कुणाला माहीत नाही?"

"काल तू निघालीस तेव्हा आत कोण होतं?"

"ताई बँकेत गेल्या होत्या. जावईबापू बसले होते. शटर तेच ओढून घेणार होते." पाटीवालीला पुन्हा हसू आले. "बिचारे! धाकटीचं लग्न झाल्यापासून बघते. आले की खुर्ची, चहा आणि 'तुम्ही बसा हो'. साधा खिळा ठोकायला उठले तरी चारजण धावतात. काल मी विचारलं, येताय का बरोबर? तर म्हणाले, नाही, थोडं काम आहे. मी रस्ताभर हसत गेले. जावईबापूंना, आणि त्या घरात काम!"

बाई मात्र हसल्या नाहीत.

४

जावईबापूंचे फोटोफ्रेमचे दुकान बाजाराच्या टोकाला होते. त्यांना जावईबापू हे नाव सासऱ्यांनी दिले आणि मग गावानेच उचलले. भिंतीभर आरसे असल्यामुळे दुकानात शिरणाऱ्याला आधी स्वतःच्याच पाच-सहा प्रती भेटत.

ते एका लग्नाच्या फोटोला काच बसवत होते. बाई स्टुलावर बसल्या आणि काही न बोलता पाहत राहिल्या. चांगले काम चाललेले असले की त्यांना बोलायला आवडत नसे.

जावईबापूंनी कागदाचा बोळा करून काच पुसली. उजेडात धरली, उलटली, दुसऱ्या बाजूने पुसली. मग बांबूच्या बारीक काडीला मऊ कापड गुंडाळले आणि एकेक कोपरा टोकरून साफ केला. गिऱ्हाईकाला कधीच दिसणार नाहीत असे कोपरे.

"दोन्ही बाजूंनी?" बाईंनी विचारले.

"दोन्ही बाजूंनी पुसल्याशिवाय काच माझ्या हातून सुटत नाही. एक बाजू राहिली की मला रात्री झोप येत नाही," ते म्हणाले. म्हणता म्हणता आवाज खाली गेला.

"मला एक शब्द हवाय. कल."

"कल?"

"पिनबॉलचं टेबल थोडं कलतं असतं, म्हणून तर गोळी खाली येते. आणि पेटीच्या आत एका कडीमध्ये वजन टांगलेलं असतं. खेळणाऱ्याने यंत्राला जोरात धक्का दिला, टेबल जास्त कललं, की ते वजन कडीला टेकतं आणि सगळे दिवे जातात. डाव खलास. त्याला टिल्ट म्हणतात. मी मुलांसाठी कल लिहिलंय. जमिनीचा कल असतो, मतदारांचा असतो, एखाद्याच्या मनाचा कल चित्राकडे असतो."

"आमच्याकडे कल म्हणजे भांडण," जावईबापू म्हणाले. "फोटो जरा कललेला लागला तर गिऱ्हाईक दारातूनच ओरडत येतं." ते हसले, पण डोळे आरशांमागच्या आतल्या खोलीकडे जाऊन आले.

बाईंनी तिकडे पाहिले नाही. त्या कार्डे गोळा करत म्हणाल्या, "लिहिते हेही. आता मिस्त्रींकडे परत जायला हवं. संध्याकाळी ते जातील, मग कुणाला विचारणार?"

"जातील? कुठे?"

"ताईंनी काढून टाकलं. काच त्यांनी चोरली असं ताईंचं म्हणणं आहे."

जावईबापूंच्या हातातली काडी खाली पडली. "मिस्त्रींनी? पण ते... ते तर काल लवकर गेले होते!"

"ताईंना कोण सांगणार?" बाई उठल्या. "संध्याकाळी सगळ्यांना खेळघरात बोलावलंय. तुम्हीही या. धाकटी येतेय."

"तिला नका बोलावू!" जावईबापू इतक्या जोरात म्हणाले की भिंतीवरच्या सगळ्या आरशांत एक घाबरलेला माणूस उभा राहिला.

५

दिवे लागायच्या सुमारास खेळघरात चौघेजण जमले. ताई गल्ल्याजवळ उभ्या, मिस्त्री आपल्या लोखंडी पेटीवर बसलेले, पाटीवाली एप्रनला हात पुसत, आणि धाकटी काहीच कळत नसल्यासारखी सगळ्यांकडे बघत. जावईबापू आले नव्हते.

"हे कधी येणार? सकाळपासून जेवलेसुद्धा नाहीत," धाकटी म्हणाली.

"येतील," बाई म्हणाल्या. "ताई, आज मी दिवसभर शब्द गोळा केले. दट्ट्या एकच, पण डॉक्टरच्या हातात तो वेगळा आणि तुमच्या हातात वेगळा."

मिस्त्री खाली मान घालून हसले. ताईंना संदर्भ लागला नाही.

"शब्दाचा अर्थ पाहायचा तर तो कुणाच्या तोंडी आहे ते पाहावं लागतं. माणसाच्या कृतीचंही तसंच. 'काच काढली' एवढंच आपल्याला ठाऊक आहे. मिस्त्रींनी काढली असती तर जपण्यासाठी. पाटीवालीने काढली असती तर पाहून रंगवण्यासाठी. चोराने काढली असती तर विकण्यासाठी. तुम्ही सकाळी एकच अर्थ धरलात आणि पुढे गेलात."

"मग खरा अर्थ कुठला?"

"या टेबलाकडे बघा. या सपाट काचेकडे."

सगळे वाकले. चार चेहरे काचेत एकमेकांना पाहू लागले.

"केवढी स्वच्छ!" ताई म्हणाल्या.

"काल ती अशी नव्हती. आतून काळी भुकटी होती. कुणीतरी ही बाहेर काढून दोन्ही बाजूंनी पुसली. चोर कशाला पुसेल? म्हणजे काल आलेला माणूस न्यायला आला नव्हता, पुसायला आला होता. मग कोण? ताई, तुम्ही वरवर फडकं फिरवता. पाटीवालीच्या बोटांना रंग असतो, ती पुसेल तिथे ठसे उमटतील. आणि मिस्त्री पुसतात तेव्हा चारही कोपरे काळे राहतात."

"बाई!" मिस्त्री म्हणाले.

"खोटं आहे का?"

"नाही. पण सगळ्यांपुढे कशाला!"

"ज्याने ही पुसली त्याने कोपरेही सोडले नाहीत. ते काम झालं, त्याने वर पाहिलं, आणि त्याला आणखी एक काच दिसली. पुढून लख्ख, मागून मळकट. किल्ली खिळ्याला होतीच. आपण तिकडे पाहतो तेव्हा आपल्याला चित्र दिसतं. त्याला काच दिसली. आणि काचेला दोन बाजू असतात. दोन्ही पुसायच्या असतात, हे त्याच्या हातांना पाठ आहे."

पाटीवालीने तोंडावर हात ठेवला. "मागून पुसली?"

"कापडावर रंग आला असेल तेव्हा त्याचा जीवच उडाला असेल. ही चोरी नाही ताई. ही भीती आहे."

"अहो पण कोण?" ताईंनी विचारले.

दारातून आवाज आला, "मी."

जावईबापू उभे होते. दोन्ही हातांनी छातीशी धरलेले ब्लँकेटमधले काहीतरी सपाट होते.

६

ते आत आले ते थेट धाकटीपुढे. ताईंकडे त्यांनी पाहिलेच नाही.

"तुझा चेहरा गेला," ते म्हणाले. "मी पुसला."

"काय बोलताय तुम्ही?"

"उद्या मुलं येणार. मला वाटलं, या घराचं एक काम आपल्या हातून व्हावं. इतकी वर्षं येतो, बसतो आणि जातो. काच तरी आपल्याला येते. खालची छान झाली. मग ही काढली, आणि कापडाला निळं लागलं, पिवळं लागलं... मी घाबरलो. दुकानात नेली. वाटलं, रंग मिळाले तर कुणाकडून भरून घेऊ. पण बघायचीही हिंमत झाली नाही, भिंतीकडे तोंड करून ठेवली. मिस्त्रींवर येईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. देवाशप्पथ, दुपारी बाईंकडून कळलं."

धाकटीने ब्लँकेट सोडले. मिस्त्रींनी न सांगता मागून दिवा धरला.

आभाळ गेले होते. समुद्र अर्धा उरला होता. मुलीचा झगा गेला होता, गालांचा रंग गेला होता. पण दोन डोळे होते, भुवया होत्या, हसणाऱ्या ओठांची रेघ होती आणि हलवलेल्या हाताची पाचही बोटे होती.

"हे आधी काढलेलं असतं," पाटीवाली पुटपुटली. "काचेला थेट चिकटलेलं. बाकीचं सगळं त्याच्या मागे. पुसताना मागचं आधी गेलं. तुम्ही वेळेवर थांबलात, जावईबापू."

धाकटीने वाकून जवळून पाहिले. मग नवऱ्याकडे वळली. "आहे की मी. जरा फिकट झालेय एवढंच. आणि तुम्ही काल रात्रभर माझ्याकडे पाठ करून झोपलात, ते याच्यासाठी? मला वाटलं, भाजी खारट झाली."

पाटीवाली खुदकन हसली आणि जावईबापूंनी खिशातून रुमाल काढला.

ताई मात्र हसल्या नाहीत. त्या मिस्त्रींसमोर जाऊन उभ्या राहिल्या. मिस्त्री दिवा ठेवून पुन्हा आपल्या पेटीवर बसले होते.

"मिस्त्री, मी तुम्हाला चोर म्हटलं."

"म्हटलं नाहीत. ठरवलंत," मिस्त्री म्हणाले. "म्हटलं असतंत तर मी उत्तर दिलं असतं."

बाईंनी मध्ये पडायचे नाही असे ठरवले. काही उत्तरे ज्याची त्यानेच द्यायची असतात, शेजाऱ्याने सांगितली तर गुण मिळत नाहीत.

"चुकलं माझं," ताई शेवटी म्हणाल्या. "विचारायला हवं होतं. तेव्हा विचारलं नाही, आता विचारते. राहाल?"

"काचेबद्दल माझं ऐकणार?"

"ऐकते. बाबांची काच आडवी करून पेटीत ठेवू. वर..." ताईंना शब्द जड गेला. "वर नक्कल लावू."

"ती सुरू झालीय," पाटीवाली घाईघाईने म्हणाली. ताईंनी तिच्याकडे, मग मिस्त्रींकडे रोखून पाहिले, आणि नाद सोडला.

"पण उद्याचं काय?" धाकटीने विचारले. "उद्या मुलं येतील तेव्हा वर काहीच नाही."

"उद्या उघडंच ठेवायचं," मिस्त्री म्हणाले. "दिवा कुठून पेटतो, घंटा कशाने वाजते, बघू दे पोरांना. कुठल्याही खेळघरात हे दाखवत नाहीत. फक्त आतल्या तारा आधी आवरून बांधायला हव्यात. कुणाचा हात लागून शॉक बसायला नको."

"मग मला आणखी कार्डं लागतील!" बाई एकदम खुशीत म्हणाल्या आणि पिशवीत कोरी कार्डे शोधू लागल्या.

मिस्त्री उठले. सकाळी आपटून भरलेली अवजारे त्यांनी एकेक करून बाहेर काढली आणि यंत्राच्या कडेला ओळीने मांडली. मग उभ्या पेटीत डोके घातले. आतून आवाज आला, "अंधार आहे. कुणीतरी उजेड धरा."

जावईबापू पुढे झाले, पण त्यांच्या आधी ताईंनी दिवा उचलला.

मिस्त्री तारा सोडवत होते, बांधत होते, मध्येच "जरा वर" किंवा "जरा डावीकडे" म्हणत होते, आणि ताई न बोलता दिवा तिकडे नेत होत्या. काम बराच वेळ चालले. त्यांचा हात भरून आला, तरी त्यांनी उजेड हलू दिला नाही.